बोरघाट, एकास सत्त्याऐंशी

भारतीय ब्रॉडगेज रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर. एचओ स्केलमध्ये, म्हणजे एकास सत्त्याऐंशी या मापात, ते १९.२ मिलिमीटर भरायला हवे. बाजारात मिळणारा एचओचा ट्रॅक मात्र साडेसोळा मिलिमीटरचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजसाठी घडवलेला. भारतीय रेल्वेचे मॉडेल करायला बसणाऱ्याच्या वाट्याला ही पावणेतीन मिलिमीटरची खोट पहिल्या दिवसापासून येते. इंजिन कितीही हुबेहूब करा, डब्याच्या खिडक्या कितीही नेमक्या कापा, खालचे रूळ चौदा टक्क्यांनी अरुंदच राहतात.

मी पुण्यातल्या एका फ्लॅटच्या खोलीत बोरघाट बांधतो आहे. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात आणि तिला ढकलत लोणावळ्यापर्यंत वर आणतात, तो घाट. या कामात रोज तीन गोष्टींची ओढाताण चालते: बारकावे किती करायचे, अचूकपणा कुठवर ताणायचा आणि खिशातून किती जाऊ द्यायचे. या ओढाताणीबद्दल मला आता काही ठाम मते झाली आहेत. ती मांडायची तर सुरुवात रुळांपासूनच करायला हवी.

गेजच्या खोटीवर उपाय आहेत. पहिला सरळ आहे. ट्रॅक स्वतः बांधायचा. स्लीपर कापायचे, त्यांवर रूळ १९.२ मिलिमीटरवर सोल्डर करायचे, प्रत्येक इंजिनाची आणि डब्याची धुरी (अ‍ॅक्सल) बदलायची, प्रत्येक पॉइंट, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारा सांधा, कानशीने घासून हाताने जुळवायचा. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात काही जणांनी असेच केले. तिथे ओओ स्केलमध्ये इंजिन एका फुटाला ४ मिलिमीटर या मापाचे, पण रूळ मात्र साडेतीन मिलिमीटरच्या मापाचे, तेच साडेसोळाचे. यामागचे कारण व्यावहारिक होते. ब्रिटिश इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान, आणि त्या काळच्या मोटारी मोठ्या. एचओच्या सांगाड्यात मोटार बसेना म्हणून सांगाडा वाढवला आणि ट्रॅक तसाच ठेवला. ही तडजोड पुढे उद्योगाचे प्रमाणमाप झाली. याच काही जणांनी, म्हणजे प्रोटोफोर नावाचे काटेकोर माप धरणाऱ्यांनी, ती नाकारली. बरोबर माप १८.८३ मिलिमीटर आहे, तर १८.८३च ठेवायचे, आणि चाकाची कड, क्रॉसिंगमधली फट सगळे त्याच काटेकोरपणे. या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्या ट्रॅकचा फोटो जवळून पाहिला तर तो खऱ्या रुळांचा नाही हे पटवून द्यावे लागते. पण अशा ट्रॅकवर एक साधे स्टेशन उभे करायला वर्षे जातात, आणि मला घाट हवा आहे.

दुसरा उपाय मला फार मोहात पाडणारा होता. गेज तसाच ठेवायचा आणि स्केल बदलायचे. ब्रॉडगेज म्हणजे साडेपाच फूट. साडेसोळा मिलिमीटरला साडेपाचाने भागा, बरोबर तीन मिलिमीटर येतात. एका फुटाला तीन मिलिमीटर, म्हणजे १:१०१.६ हे स्केल ब्रिटनमध्ये पूर्वीपासून आहे, तिथले लोक ते १२ मिलिमीटरच्या रुळांवर वापरतात. भारतीय गाडी या मापात बांधली तर दुकानातला तयार ट्रॅक तिला केसभराचाही फरक न पडता बसतो. शिवाय सगळेच थोडे लहान होते, खोलीत घाट जास्त मावतो. गणित इतके सुबक जुळते की कितीतरी दिवस मी तेच करायचे ठरवून बसलो होतो. मग हिशेब मांडला. या स्केलमध्ये माणसांचे तयार पुतळे जवळजवळ नाहीत, ट्रक-मोटारी नाहीत, झाडांपासून दिव्याच्या खांबांपर्यंत सगळे घरी करायचे. चाकेही वेगळी शोधायची. एका मापाच्या अचूकपणासाठी बाकी शंभर गोष्टींचा भार उचलायचा. मी एचओवर परत आलो.

पण खोट तशीच ठेवली नाही. रुळांची अरुंदी कुठून दिसते याचा विचार केला. भारतीय डब्याची रुंदी ३२४५ मिलिमीटर, मॉडेलमध्ये सव्वासदतीस. समोरून पाहिले तर साडेसोळाच्या रुळांवर हा डबा लगेच डोक्याने जड वाटतो. बाजूने पाहिले तर काहीच कळत नाही, कारण बाजूने रुळांमधले अंतर दिसतच नाही. म्हणून माझा घाट भिंतीला लागून छातीच्या उंचीवर, लांब फळीवर आहे. पाहणारा दरीच्या बाजूला उभा राहतो, गाडी त्याच्यासमोरून डावीकडून उजवीकडे चढते. ती कुठेही थेट त्याच्याकडे तोंड करून येत नाही, जिथे वळून तशी येईल तिथे बोगदा आहे. या उपायाला एक रुपयाही लागला नाही. फक्त सुतारकाम सुरू करण्याआधी तो सुचायला हवा होता.

खर्च आणि अचूकपणा एकाच दिशेने चालतात असे धरून बसायची सवय या छंदातल्या बऱ्याच जणांना असते. जास्त पैसे म्हणजे जास्त खरे. माझा अनुभव उलटा आहे. सगळ्यात खऱ्या गोष्टी बहुतेक फुकट असतात, पण त्या दुकानात नसल्यामुळे आपल्याला दिसत नाहीत.

उतारच घ्या. बोरघाटाचा चढ ३७ला १ आहे. हे गुणोत्तर असल्यामुळे स्केलने त्याला काही होत नाही. खऱ्या घाटात ३७ मीटर गेल्यावर गाडी एक मीटर वर जाते, माझ्या फळीवर ३७० सेंटिमीटर गेल्यावर दहा सेंटिमीटर. लांबी मावत नाही, उंची मावत नाही, वळणे मावत नाहीत, पण उतार जसाच्या तसा मावतो. कर्जत ते लोणावळा हे अंतर अठ्ठावीस किलोमीटरच्या आसपास, एचओमध्ये तीनशे वीस मीटर. चढ साडेपाचशे मीटरहून जास्त, म्हणजे मॉडेलमध्ये सहा मीटरच्या वर, दोन मजले फोडावे लागतील. वळणांचे तर बोलायलाच नको. भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण दहा डिग्रीचे, त्रिज्या १७५ मीटर. एचओमध्ये ती दोन मीटर भरते, आणि गाडी उलटी फिरवायला चार मीटर रुंद जागा लागते. दुकानात मिळणाऱ्या वळणाच्या तुकड्यांची त्रिज्या ४३८ मिलिमीटर असते. खऱ्या मापात ते ३८ मीटरचे वळण झाले, त्यावर ब्रॉडगेजचा एकही डबा कधी वळणार नाही. या सगळ्यात कातरी चालवावीच लागते. उतारात लागत नाही.

आणि या खऱ्या उताराने मला एक गोष्ट दिली, तिची मी अपेक्षाच केली नव्हती. ३७ला १ या चढावर, वळणासह, एक इंजिन सात डबे ओढू शकत नाही. चाके जागेवरच फिरतात. मागे दुसरे इंजिन लावले की गाडी निघते. बँकर हा माझ्या लेआउटवर देखाव्याचा भाग राहिला नाही, तो लागतोच. कर्जतला थांबून मागे इंजिन जोडल्याशिवाय माझी डेक्कन क्वीन लोणावळ्याला पोहोचत नाही, आणि याचा मला कुठल्याही पितळी हँडरेलपेक्षा जास्त आनंद आहे. खर्च झाला तो दुसऱ्या इंजिनाचा. दोन्ही इंजिने एकाच वेगाने चालावीत म्हणून डिजिटल कंट्रोल लागतो. तयार कमांड स्टेशन महाग होते. बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत मिळणारा आर्डुइनो बोर्ड, मोटार शील्ड आणि डीसीसी++ हे खुले सॉफ्टवेअर यांनी तेच काम होते. डीकोडर, म्हणजे इंजिनात बसून हुकूम घेणारी चिप, मात्र मी चांगलेच घेतले. हळू वेगात इंजिन धक्के देत चालले की मागच्या बँकरचा सगळा खरेपणा पार जातो, तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

आमच्या ओळखीतले एक निवृत्त ड्रायव्हर एकदा लेआउट बघायला आले होते. सगळी नोकरी त्यांनी याच घाटात काढलेली. मी त्यांना डब्यांवरची अक्षरे दाखवत होतो, छोटी छोटी, भिंगातून वाचता येतील अशी. ते चष्मा सारखा करून हो हो म्हणाले आणि लगेच खाली वाकून रूळ बघू लागले.

"अरे, कॅच सायडिंग कुठं आहे तुझी?"

"ठेवलीये ना काका, बोगद्याच्या खालच्या बाजूला."

"आणि पॉइंट कुणीकडं सेट आहे?"

मी सांगितले, मेन लाइनला.

"मग चुकलं की. उतरणाऱ्या गाडीला पॉइंट आधी सायडिंगला असतो. गाडी थांबली, ब्रेक धरतोय हे कळलं, की मग मेन लाइन मिळते. सुटलेली गाडी असेल तर ती सायडिंगला चढ चढून थांबेल. तू आधीच मेन लाइन देऊन ठेवलीस तर कॅच सायडिंगचा उपयोग काय?"

त्यांनी माझ्या डब्यांचे रिव्हेट मोजले नाहीत. त्यांना घाट चालतो कसा ते बघायचे होते. त्या दिवसापासून माझ्याकडे उतरणारी प्रत्येक गाडी कॅच सायडिंगपाशी थांबते. पॉइंट बदलला जातो, मग ती पुढे जाते. यात नवीन काही विकत आणावे लागले नाही, पण लेआउट त्यामुळे जेवढा बोरघाट झाला तेवढा अक्षरांनी झाला नव्हता.

आता गाडीकडे येतो, कारण पैसे खऱ्या अर्थाने तिथे जातात. साउंडसकट एक चांगले युरोपीय इंजिन काहीशे युरोंच्या घरात असते. त्यावर टपालखर्च, त्यावर कस्टम ड्युटी. आणि एवढे करून ते इंजिन जर्मनीचे किंवा फ्रान्सचे, आपले नाही. भारतीय इंजिनांची मॉडेल्स फार थोडी आणि थोड्या संख्येने निघतात. म्हणून निम्म्याहून जास्त काम हाताने करण्यावाचून गत्यंतर नाही.

मला हवे होते डब्ल्यूसीएम-५. चित्तरंजनच्या कारखान्यात १९६१ साली बनलेले पहिले विजेचे इंजिन याच जातीचे, आणि त्याचे नाव 'लोकमान्य'. पुण्याच्या माणसाला हे इंजिन सोडवत नाही. त्याचा सांगाडा मी रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतला आणि जुन्या बाजारातल्या सहा धुऱ्यांच्या एका युरोपीय इंजिनाच्या यंत्रणेवर बसवला. दाता इंजिन, म्हणजे ज्याची यंत्रणा घ्यायची ते, निवडताना त्याचा सांगाडा बघायचा नसतो. दोन बोगींच्या, म्हणजे खालच्या चाकांच्या चौकटींच्या, मध्यांमधले अंतर आणि बोगीतल्या धुऱ्यांची अंतरे बघायची. ती दोन-तीन मिलिमीटरने इकडेतिकडे झाली तर बाजूच्या फ्रेम नव्याने करून झाकता येतात. त्याहून जास्त फरक असेल तर इंजिन उभे असताना कसे तरीच दिसते, आणि कितीही रंगवले तरी ते लपत नाही. डिझेल इंजिनांच्या बाबतीत तर हे फारच जाणवते. आपल्या डब्ल्यूडीएम-२ची आल्कोची बोगी असते, तिच्यातल्या तीन धुऱ्या सारख्या अंतरावर नसतात. सारख्या अंतराची बोगी खाली लावलेले डब्ल्यूडीएम-२ मी पाहिले आहे. बाकी सगळे झकास होते, पण नजर त्या बोगीवरून हलत नव्हती. अमेरिकेतल्या आल्कोच्या सहा धुऱ्यांच्या जुन्या इंजिनांना अशीच बोगी असते, त्यांची मॉडेल्स वापरलेल्या मालात मिळतात. थोडे थांबून, शोधून तसे दाता इंजिन घेतले तर नव्या इंजिनाच्या कितीतरी कमी पैशात जास्त खरे काम होते.

डब्यांत मी सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवला असेल, तर खिडक्यांच्या आडव्या गजांवर. भारतीय डबा लांबून ओळखू येतो तो या गजांमुळे. ते नसले तर निळा रंग दिलेला परदेशी डबा दिसतो. पण गजाची जाडी सेंटिमीटरभर धरली तर एचओमध्ये ती मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग येते. पितळी पत्र्यात आम्लाने कोरून घेतले तर सुंदर होतात, पण एका रेकसाठी, म्हणजे गाडीच्या सगळ्या डब्यांसाठी, खर्च इंजिनाच्या बरोबरीचा. प्लास्टिकमध्ये केले तर जाड होतात, तुरुंगासारखे दिसतात. शेवटी पारदर्शक ओएचपी शीटवर राखाडी रेघा छापून आतून चिकटवल्या. त्यांना जाडी नाही, भिंगातून पाहिले तर त्या छापील आहेत हे कळते. हातभर अंतरावरून मात्र तो डबा आयसीएफचाच, पेरांबूरच्या कारखान्यातला. सतरा रुपयांच्या शीटने जे साधले ते पितळेने यापेक्षा फारसे जास्त साधले नसते.

रेक किती लांब करायचा हा प्रश्न मात्र शीटने सुटत नाही. आयसीएफचा डबा बफरसकट बावीस मीटरच्या वर, एचओमध्ये पंचवीस-साडेपंचवीस सेंटिमीटर. सोळा-सतरा डब्यांची डेक्कन क्वीन चार मीटरच्या पुढे जाते. माझे कर्जत स्टेशनच तेवढे नाही. यावर एक मित्र फार चांगली वाट सांगतो. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा तिला सातच डबे होते. एक रेक रुपेरी रंगाचा, लाल पट्ट्यांचा, दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. अंडरफ्रेम इंग्लंडहून आलेल्या, वरचे डबे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये बांधलेले. १९६६ मध्ये पेरांबूरचे नवे डबे आले तेव्हा संख्या बारावर गेली. मित्राचे म्हणणे असे की १९३० निवड, पूर्ण गाडी दोन मीटरच्या आत बसते, एकही डबा कापायला नको. काळ निवडून लांबीचा प्रश्न सोडवायचा ही युक्ती मला अजूनही फार हुशारीची वाटते.

तरी मी ती घेतली नाही. १९३० चे डबे करायचे तर हातात थोडे जुने कृष्णधवल फोटो. डब्याच्या आतली मांडणी, छपराची गोलाई, रंगाची नेमकी छटा, सगळे अंदाजाने. अशा अंदाजावर उभा केलेला अचूकपणा मला पटत नाही. आयसीएफचा डबा मी जन्मभर पाहिला आहे, त्याच्या पायऱ्या किती झिजतात, छताचा रंग पावसाळ्यानंतर कसा होतो, हे मला माहीत आहे. म्हणून रेक सात डब्यांचा केला, पण पुढचे काळजीने: दोन्ही टोकांना गार्डची जागा असलेले डबे, मध्ये डायनिंग कार. डायनिंग कार वगळून डेक्कन क्वीन होत नाही. तिच्यातल्या टेबलांवर मी दिवे लावले आहेत, मंद पिवळे, आणि गाडी संध्याकाळच्या प्रकाशात घाट चढते तेव्हा आतली माणसे दिसतात. कापायचे ठरले की काय कापले जाणार नाही हे आधी ठरवावे लागते.

अमेरिकेत अ‍ॅलन मॅकक्लेलंड नावाचे एक मॉडेलर होते. त्यांनी व्हर्जिनियन अँड ओहायो नावाची एक काल्पनिक रेल्वे एचओमध्ये उभी केली, अ‍ॅपलेशियन डोंगरातल्या कोळशाच्या गाड्यांची. त्यांनी एक विचार रुजवला, तो म्हणजे पुरेसे चांगले. एका इंजिनावर महिना घालवून उरलेला लेआउट कच्चा ठेवण्यापेक्षा सगळीकडे एकसारखी, पटेल इतकी पातळी ठेवायची. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते आळशाचे समर्थन वाटले होते. हळूहळू कळले की ते फार कडक शिस्तीचे आहे, कारण त्यात एका कोपऱ्यात कौशल्य दाखवून दुसरा कोपरा झाकायची सोय नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा मावळा उंच असतो आणि त्याला कोणी हरकत घेत नाही, कारण तिथे मापाचे वचन कोणी दिलेलेच नसते. स्केल मॉडेलमध्ये ते दिलेले असते. पहिला डबा नीट केला की पाहणाऱ्याची नजर त्या मापाला लागते, आणि मग एक जाड कुंपण किंवा एक मोठा पुतळा बाकी सगळ्याला खोटे पाडतो. रुळांचेही तेच. दुकानातला स्वस्त ट्रॅक कोड १०० चा, रूळ अडीच मिलिमीटर उंच. खऱ्या मापात हा रूळ २२१ मिलिमीटर उंच झाला. आपला मीटरला ६० किलो वजनाचा रूळ १७२ मिलिमीटरचा, ५२ किलोचा १५६चा. कोड ७५चा ट्रॅक ६० किलोशी जवळजवळ जुळतो आणि किमतीत फरक थोडा आहे. पुढे दिसणाऱ्या भागात मी तो घातला. बोगद्यांच्या आतला सगळा ट्रॅक कोड १०० चा, जाड, मजबूत आणि स्वस्त. तिथे तो कोणाला दिसत नाही आणि जुनी चाके त्यावरून कमी घसरतात.

डोंगराबद्दल मला बोलायचे ते सगळ्यात जास्त आहे. खडक बनवायला परदेशी रबरी साचे मिळतात, त्यात प्लास्टर ओतले की तयार कडा निघतो. पण ते साचे आल्प्स आणि रॉकीजच्या खडकांचे, तिरप्या थरांचे, तुटलेल्या टोकांचे. सह्याद्री तसा नाही. इथे लाव्ह्याचे प्रवाह एकावर एक आडवे पसरले, म्हणून आपले कडे पायऱ्यांचे आहेत. उभी काळी भिंत, मग गवताचा सपाट पट्टा, पुन्हा भिंत, पुन्हा पट्टा. थर्माकोलची पत्रे आडवी एकावर एक चिकटवली आणि कडा कापून त्यांवर प्लास्टर दिले की ही रचना आपोआप येते. महागड्या साच्यांनी जे बिघडले असते ते पॅकिंगच्या थर्माकोलने जमले. बॅलास्टचे, म्हणजे रुळांखालच्या खडीचेही तसेच. घाटातला खरा बॅलास्ट काळ्या बसाल्टचा असतो. पाकिटातला आयात बॅलास्ट फिकट ग्रॅनाइटसारखा. क्रशरवरची बारीक कच आणून पीठ चाळायच्या चाळणीने चाळली, दोनदा धुतली, आणि पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून बसवली. तिचा रंग बरोबर आहे, कारण ती त्याच डोंगराची आहे.

ऋतू कोणता, हेही ठरवावे लागले. घाट म्हटला की सगळ्यांना पावसाळा हवा असतो: धबधबे, धुके, गच्च हिरवे. धबधबे बाथरूमच्या पारदर्शक सिलिकॉनने छान होतात, ते जमले असते. पण पावसाळ्याचे हिरवे फार अवघड आहे. आयात केलेले गवताचे तंतू महाग, आणि त्यांचे हिरवे युरोपातल्या कुरणाचे. सह्याद्रीचे जुलैमधले हिरवे त्यापेक्षा गडद, ओले, मधूनच पोपटी. ते मला हवे तसे मिळत नव्हते. मी एप्रिल निवडला. सुतळी बारीक कापली की वाळलेल्या गवताचा रंग त्यात असतोच, रंग द्यावाही लागत नाही. कारवीची वाळकी झुडपे, पाने झडलेली सावर, मागे धुळकट आकाशात नागफणीचा सुळका. पुण्याहून मुंबईला जाताना एप्रिलच्या दुपारी दरी अशीच दिसते, आणि लोक तिच्याकडे बघत नाहीत. मला तो घाट पावसातल्या घाटाइतकाच आवडतो.

रंगाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती पुष्कळ जण सोडून देतात. खऱ्या डब्याचा निळा रंग मोजून जसाच्या तसा मॉडेलला दिला तर मॉडेल काळपट दिसते. खरा डबा आपण पन्नास मीटरवरून पाहतो, मध्ये हवा असते, धूळ असते. मॉडेल हातभर अंतरावर असते. म्हणून रंगात थोडा पांढरा घालून तो फिका करावा लागतो, आणि छतावर धुळीचा पातळ थर द्यावा लागतो. इथे अचूक छटा चुकीची ठरते आणि चुकीची छटा बरोबर दिसते. हे प्रत्येकाने स्वतःच्या खोलीतल्या दिव्याखाली करून बघायचे.

पुण्यात कोथरूडला जोशींचे मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, भाऊ जोशींनी उभे केलेले, १९९८ साली सुरू झालेले. तिथला लेआउट कुठल्याही एका ठिकाणाचा नाही. त्यात सर्कस आहे, ड्राइव्ह-इन थिएटर आहे. पण गाड्या, सिग्नल, रस्ते, दिवे सगळे मिळून ज्या लयीत चालते, ती बघत उभे राहिलेली मुले हलत नाहीत. मी स्वतः तिथे लहान मुलासारखा उभा राहिलो आहे. ठिकाणाची अचूकता हे त्यांचे ध्येयच नव्हते. त्यांचे ध्येय चालती रेल्वे हे होते, आणि त्यात त्यांनी कुठेही हात आखडला नाही. मला तिथून हे शिकायला मिळाले की कोणत्या प्रकारचे खरेपण हवे ते आधी स्वतःला स्पष्ट सांगावे, मग पैसे कुठे घालायचे हा प्रश्न अर्धा सुटतो.

एका बाबतीत मात्र मी हिशेब मांडत नाही. हा घाट १८६३ मध्ये सुरू झाला, त्याआधी तो फोडताना हजारो मजूर मेले होते: कॉलरा, सुरुंग, कडे कोसळणे. आजही पावसाळ्यात दरडी पडतात आणि गँगमन रात्री कंदील, टॉर्च घेऊन रूळ चालत तपासतात. एचओचे माणसांचे पुतळे बहुतेक सूट-हॅट घातलेले युरोपीय मिळतात. बिनरंगाचे स्वस्त पुतळे शंभराच्या पाकिटात येतात. मी ते आणून एकेक रंगवतो: डोक्याला फेटा बांधलेला, हातात हातोडा धरलेला, नारिंगी जाकीट घातलेला, टिश्यू पेपरची साडी नेसून खडी वाहणारी बाई. यात वेळ फार जातो आणि लेआउटवर ते ठिपक्याएवढे दिसतात. तरी हे करायचेच. माणसांशिवाय घाट बांधणे मला योग्य वाटत नाही.

सध्या मी अडलो आहे तो ओव्हरहेड वायरवर. माझा लेआउट ज्या काळातला आहे त्या काळात हा मार्ग पंधराशे व्होल्ट डीसीवर चालत होता. त्याच्या तारा जाड, त्यामुळे खांब आणि कमानीही भरभक्कम जाळीच्या. पितळी पट्ट्यांतून त्या तयार मिळत नाहीत, आणि बोगद्याबाहेरच्या सगळ्या भागावर तारा ताणल्या तर रूळ पुसायला हात घालता येणार नाही. तारा मुळीच घातल्या नाहीत तर पँटोग्राफ, म्हणजे इंजिनाच्या छतावरचा तारेला टेकणारा सांगाडा, हवेत उघडा उभा राहतो. काकांना विचारले. ते म्हणाले, "कर्जतला घाल. तिथं गाडी उभी असते, माणूस वर बघतो. घाटात चालत्या गाडीच्या वर कोण बघतंय?" मला ते पटले. खांब सगळीकडे असतील, तारा फक्त कर्जतच्या फलाटांवर आणि बँकर जिथे उभे राहतात त्या सायडिंगवर. घाटात पँटोग्राफ तारेच्या उंचीवर अडकवून ठेवायचा. पहिल्या दोन कमानींसाठी अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार आणि कोन कापून ठेवले आहेत. जिग, म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवणारा साचा, तयार झाला की या रविवारी सोल्डरिंगला बसणार.